कुत्रा अंगण उकरतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्रा अंगण उकरतो तरी कशासाठी?

उकरणं कुत्र्याच्या रक्तातच आहे. कारणं मात्र वेगवेगळी असतात: उन्हामुळे गार माती शोधणं, कंटाळा, मातीतला वास किंवा हालचाल, कुंपणाखालून बाहेर पडायची धडपड, खाऊ लपवणं, व्यायला झालेल्या मादीची जागेची शोधाशोध आणि फटाक्यांची किंवा एकटेपणाची भीती. उपाय कारणावर ठरतो. कारण न शोधता नुसता खड्डा बुजवला की दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी नवा खड्डा दिसतो. म्हणून आधी आठ दिवस निरीक्षण करा: खड्डा कुठे आहे, किती खोल आहे, केव्हा उकरला गेला आणि त्या वेळी घरात कोण होतं.

खड्डा पाहून कारण कळतं का?

बहुतेक वेळा कळतं. भिंतीच्या सावलीत, नळाजवळ किंवा केळीच्या बुंध्याशी, कुत्रा अंग मुडपून मावेल एवढा उथळ खळगा असेल आणि दुपारी तो त्यातच पडलेला दिसत असेल, तर कारण उष्णता. कुंपणाला किंवा फाटकाला लागून अरुंद, खोल खड्डा असेल तर त्याला बाहेर जायचं आहे. एका रेषेत पुढे सरकत गेलेली उकराउकर किंवा झाडाच्या मुळाशी एकाच ठिकाणी रोखलेला खड्डा दिसला, तर खाली घूस किंवा उंदराचं बीळ असण्याची शक्यता मोठी. लॉनभर बोटभर खोलीचे अनेक छोटे खड्डे म्हणजे बहुधा हुमणी, गवताची मुळं खाणारी अळी. अंगणभर कुठेही, कसेही, आणि घरातली माणसं बाहेर गेल्यावरच झालेले खड्डे कंटाळ्याचे असतात. फाटकापाशी किंवा दारापाशीच उकरलेलं असेल, सोबत लाळ आणि दारावर ओरखडे असतील, तर तो एकटेपणाला घाबरतो आहे. अशा कुत्र्यासाठी खाली दिलेले उपाय पुरत नाहीत, पशुवैद्यांशी बोलायला हवं.

आमचा कुत्रा मार्च ते मे एवढंच उकरतो. काय करावं?

हा प्रश्न मातीचा नाही, उन्हाचा आहे. वरचा थर तापला तरी चार-सहा इंच खालची माती गार आणि ओलसर असते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून अंग गार करतो. पोट गार मातीला टेकवणं हा त्याच्याजवळचा दुसरा उपाय. त्याला रागावून काही होणार नाही, गार जागा द्या म्हणजे तो तिथे बसेल.

उत्तर किंवा पूर्व बाजूला, दुपारी ऊन येत नाही अशी जागा निवडा. सावली नसेल तर ७५ टक्के सावली देणारी शेडनेट जमिनीपासून सात-आठ फुटांवर ताणा. खाली बांधली तर हवा कोंडते. खाली शहाबादी फरशी टाका आणि दुपारी दोन-तीन वेळा पाणी मारा. ओलं गोणपाट फरशीवर अंथरायचं, कुत्र्याच्या अंगावर पांघरायचं नाही. अंगावरच्या ओल्या कापडाखाली उष्णता अडकते. काही कुत्र्यांना जमिनीपासून सहा-आठ इंच उंच बाज आवडते, कारण खालून वारा खेळतो. पत्र्याच्या छपराचं कुत्र्याचं घर मात्र उन्हाळ्यात उपयोगाचं नाही. दुपारी आत हात घालून बघा, तो तिथे का बसत नाही ते लगेच कळेल.

पाणी दोन ठिकाणी ठेवा, जड मातीच्या किंवा सिमेंटच्या भांड्यात. २५ किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला सुमारे सव्वा ते दीड लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. हस्की, सेंट बर्नार्ड असे दाट केसांचे आणि पग, बुलडॉगसारखे चपट्या नाकाचे कुत्रे विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारी अंगणात ठेवूच नयेत. त्यांना घरात, पंख्याखाली जागा द्या.

कुत्रा खड्ड्यात पडून थांबत नाही अशा धापा टाकत असेल, हिरड्या गडद लाल झाल्या असतील, चिकट लाळ गळत असेल किंवा चालताना झोकांड्या जात असतील तर तो उष्माघात समजा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ते ४०-४१ च्या वर गेलं तर जीवाला धोका असतो. नळाच्या साध्या पाण्याने पोट, काखा आणि पंजे भिजवत राहा, पंखा लावा आणि तसंच दवाखान्यात न्या.

तो आमच्यावरचा राग काढायला उकरतो का?

नाही. तुम्ही घरी आलात, खड्डा पाहिलात आणि तो कान पाडून कोपऱ्यात गेला, याचा अर्थ त्याला गुन्हा कबूल आहे असा होत नाही. तुमचा चेहरा आणि आवाज बघून तो घाबरलेला असतो. दोन तासांपूर्वीचं उकरणं आणि आत्ताचं ओरडणं यांची सांगड कुत्रा घालू शकत नाही. खड्ड्याशी ओढत नेऊन नाक रगडणं किंवा मारणं यातून तो एवढंच शिकतो की तुम्ही घरी आलात की भीती वाटते. भीतीने अस्वस्थ झालेला कुत्रा आणखी उकरतो. खड्ड्यात पाणी भरून त्यात तोंड बुडवायचा सल्ला अजूनही दिला जातो. तो निव्वळ क्रूरपणा आहे, आणि प्राण्याला मारहाण करणं, विनाकारण यातना देणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे.

प्रत्यक्ष उकरताना दिसला तर टाळी वाजवून किंवा नावाने हाक मारून लक्ष वेधा, जवळ आला की शाबासकी द्या आणि त्याच्या हक्काच्या जागी घेऊन जा. ही हक्काची जागा आधी तयार हवी.

उकरायला वेगळी जागा कशी करायची?

खणायची खरी हौस असलेल्या कुत्र्यासाठी याहून चांगला उपाय नाही. लॅब्रॅडॉर किंवा गावठी कुत्र्याच्या आकारमानाला सहा फूट लांब, चार फूट रुंद हौद पुरतो. जागा सावलीत आणि तो सध्या जिथे उकरतो त्याच्या जवळ असावी. बागेच्या दुसऱ्या टोकाला केलेला हौद त्याला आपला वाटत नाही.

दोन फूट खोल खणा. तळाला चार इंच खडी टाका, म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही. त्यावर सोळा इंच वाळू आणि बागेतली माती यांचं मिश्रण, दोन भाग वाळूला एक भाग माती. वरचे चार इंच रिकामे ठेवा, नाहीतर सगळी वाळू लॉनवर येते. या मापाला सुमारे ३२ घनफूट मिश्रण लागतं, त्यातली वाळू साधारण २१ घनफूट, म्हणजे पाव ब्रासपेक्षा थोडी कमी. गोणीत आणणार असाल तर सिमेंटच्या रिकाम्या गोणीत अंदाजे सव्वा घनफूट वाळू मावते, तेव्हा सतरा-अठरा गोण्या धरा. कडेने विटांची सहा इंच उंच कड बांधा. कुत्र्याला हद्द दिसायला ती लागतेच.

वाळू नदीची किंवा धुतलेली घ्या. क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूत, दगडाची बारीक भुकटी असते. ती भिजून वाळली की घट्ट बसते आणि मग कुत्रा पुन्हा मऊ मातीच्या वाफ्याकडे वळतो. मांजरांनी हौदाचं शौचालय करू नये म्हणून रात्री वरून ताडपत्री टाका.

हौद केला की कुत्रा आपोआप तिथे जाईल असं धरून बसू नका. पहिल्या दिवशी त्याच्यादेखत चेंडू किंवा चघळायचं खेळणं अर्धं बाहेर राहील असं पुरा आणि त्याने ओढून काढलं की कौतुक करा. नंतर पूर्ण, पण बोटभरच खोल. मग वीतभर. आठवड्याने त्याला न दाखवता तीन-चार ठिकाणी खाऊ लपवा. रोज काहीतरी सापडायला हवं. रिकाम्या हौदात कुत्र्याचा रस दोन दिवसांत संपतो, आणि हा उपाय फसतो तो बहुतेक इथेच. या काळात, म्हणजे दोन-तीन आठवडे, त्याला बागेत एकटं सोडू नका. चोरून केलेला प्रत्येक खड्डा जुनी सवय पक्की करतो.

रोज फिरायला नेतो, तरी उकरतो. का?

किती वेळ आणि कसं फिरवता यावर अवलंबून आहे. गळ्याला हिसके देत कोपऱ्यापर्यंत जाऊन दहा मिनिटांत परत आणणं म्हणजे फिरणं नव्हे. तरुण, निरोगी कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटं लागतात आणि त्यातला निम्मा वेळ त्याला हवं ते हुंगू द्यायला हवं. हुंगण्याने डोकं थकतं, आणि डोकं थकलेला कुत्रा घरी येऊन झोपतो. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत उरका. तळहाताची मागची बाजू डांबरी रस्त्यावर सात सेकंद टेकवता येत नसेल तर तो रस्ता त्याच्या पंजांनाही भाजतो.

जेवणातही बदल करा. एक वेळचं जेवण वाटीत देण्याऐवजी शोधायला लावा. जुना टॉवेल घ्या, त्यावर भाकरीचे किंवा उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे पसरा, घट्ट गुंडाळी करून सैल गाठ मारा आणि त्याच्यापुढे टाका. कापड फाडून गिळणारा कुत्रा असेल तर हे नको. त्याच्यासाठी व्हरांड्यात आठ-दहा ठिकाणी खाऊ लपवून ‘शोध’ म्हणा. घरातून निघण्याच्या पाच मिनिटं आधी हे केलं की ज्या वेळी खड्डे होतात नेमका तोच वेळ भरून निघतो.

कुंपणाखालून उकरून पळतो. ते कसं थांबवायचं?

कुंपणाच्या आतल्या बाजूने जमिनीवर जाळी आडवी पसरायची. कुत्रा नेहमी कुंपणाला अगदी चिकटून खणतो, पाऊलभर मागे सरून खणायला सुरुवात करावी हे त्याला सहसा सुचत नाही. म्हणून खोल चर खणण्यापेक्षा आडवी जाळी स्वस्त पडते आणि जास्त टिकते.

तीन फूट रुंदीची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली चौकोनी घरांची तारेची जाळी घ्या, मोठ्या कुत्र्यासाठी दोन इंची चौकट, लहान कुत्र्यासाठी एक इंची. लांबीच्या बाजूने काटकोनात वाकवा: एक फूट कुंपणाला उभी, दोन फूट जमिनीवर आत. उभा भाग दर सहा इंचांवर बाइंडिंग तारेने बांधा आणि तारेची टोकं बाहेरच्या बाजूला वळवा. आडवा भाग ८ मिलिमीटरच्या सळईचे इंग्रजी यू आकाराचे, दहा इंच लांब पायांचे खिळे करून दर फुटावर ठोका. वर दोन इंच माती टाकून हरळी लावा. तीन महिन्यांत जाळी दिसेनाशी होते.

चुका ठरलेल्या आहेत. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ षटकोनी जाळी वापरली तर ती एका पावसाळ्यात गंजते, फाटते आणि पंजे चिरते. कोपऱ्यात दोन तुकडे जोडताना एकमेकांवर किमान सहा इंच चढवले नाहीत तर तो नेमका तिथूनच निघतो. फाटकाखाली जाळी चालत नाही, तिथे एक फूट खोल काँक्रीटचा उंबरा घाला. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडून खिळे सैल होतात. तिथे आडव्या जाळीवर दगडांची किंवा शहाबादी फरशीची ओळ ठेवा. कोकणात चिरे सहज मिळतात, कुंपणालगत अर्धे गाडलेल्या जांभ्याच्या चिऱ्यांची रांग जाळीइतकीच काम करते.

एवढं केल्यावर तो बाहेर कशासाठी जात होता तेही बघा. नर असेल आणि परिसरात माजावर आलेली मादी असेल तर नसबंदीने बाहेर भटकण्याची ओढ बऱ्याच नरांत कमी होते.

घुशी आहेत, म्हणून उकरतो. औषध टाकावं का?

अंगणात कुत्रा असेल तर विषारी औषध टाकू नका. झिंक फॉस्फाइडची काळी पूड पोटात गेली की फॉस्फिन वायू तयार होतो आणि त्यावर उतारा नाही. ब्रोमॅडियोलोनच्या वड्यांनी रक्त गोठेनासं होतं, आणि लक्षणं दोन ते पाच दिवसांनी दिसतात, म्हणून लोक गाफील राहतात. विष खाऊन मेलेली घूस कुत्र्याने खाल्ली तरी धोका असतो. असं काही खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी विषाचं पाकीट सोबत घेऊन ताबडतोब पशुवैद्यांकडे जा. ब्रोमॅडियोलोनवर व्हिटॅमिन के-१ चा उपचार वेळेत सुरू झाला तर कुत्रा वाचतो.

पिंजरा लावा, त्यात सुका बोंबील किंवा भजी ठेवा. पिंजरा बिळाच्या तोंडाजवळ, भिंतीला समांतर ठेवायचा, कारण घूस भिंतीच्या कडेने फिरते. खरकटं, उघडा कंपोस्ट खड्डा आणि कुत्र्याच्या वाटीत रात्रभर पडलेलं अन्न बंद करा. घुशी त्यासाठीच येतात. रिकामं झालेलं बीळ दगड, जाळीचा बोळा आणि सिमेंटने बुजवा. बिळात फुटक्या काचा भरायची जुनी पद्धत कुत्र्याच्या घरी नको, तो पुन्हा उकरेल आणि पंजा कापून घेईल.

उंदीर-घुशींच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, पावसाळ्यात विशेष. कुत्र्याची या आजाराची वार्षिक लस चुकवू नका. तो आजार माणसालाही होतो, त्यामुळे असे खड्डे बुजवताना हातमोजे आणि गमबूट घाला.

लॉनवर छोटे छोटे खड्डे करतो, गवतही पिवळं पडलंय.

पिवळ्या पट्ट्यातलं गवत हाताने ओढून पाहा. सतरंजीसारखं अलगद वर आलं आणि खाली इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर ती हुमणी. पहिल्या पावसाबरोबर भुंगेरे बाहेर पडून कडुनिंब, बाभळीवर जमतात आणि मादी जमिनीत अंडी घालते. अळ्या पावसाळाभर मुळं खातात आणि कुत्रा त्यांच्या वासाने उकरतो. इथे कुत्रा तुम्हाला कीड दाखवतोय.

मे-जूनमध्ये संध्याकाळी झाडांच्या फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडा आणि रॉकेलमिश्रित पाण्याच्या बादलीत टाका. बादली कुत्र्यापासून दूर. अळ्यांसाठी मेटारायझियम ही बुरशी कुजलेल्या शेणखतात मिसळून, जमीन ओली असताना द्या. फोरेट या दाणेदार कीटकनाशकावर भारतात २०२० अखेरपासून बंदी आहे. शेतावर जुना डबा पडला असेल तर तो अंगणात वापरू नका, त्याचे थोडे दाणेही कुत्र्याचा जीव घेऊ शकतात.

खत घातलं की दुसऱ्या दिवशी सगळं उकरलेलं असतं.

हाडांचा चुरा, मासळीचं खत आणि एरंडी पेंड यांचा वास कुत्र्याला अन्नाचाच वाटतो. एरंडी पेंड कुत्र्याच्या घरी आणूच नका. त्यात रिसिन हे विष राहिलेलं असू शकतं आणि थोडी पेंड खाल्ल्यानेही उलट्या, रक्ताची हगवण होऊन कुत्रा दगावू शकतो. पेंडीचं खत हवंच असेल तर निंबोळी पेंड घ्या. ती कडू असते, कुत्रे सहसा खात नाहीत. माडाच्या आळ्यात मासळीचं खत घालणार असाल तर निदान फूटभर खोल गाडा आणि महिनाभर आळ्याभोवती जाळी उभी करा.

मिरचीपूड, डांबरगोळ्या, फिनेल टाकलं तर?

तिन्ही नकोत. मिरचीने नाक-डोळ्यांची आग होते, डांबरगोळ्या आणि फिनेल विषारी आहेत. लिंबा-संत्र्याच्या सालींनी काही कुत्रे दूर राहतात, पण वास दोन दिवसांत जातो. त्याच त्याच खड्ड्यावर परत येणाऱ्या कुत्र्यासाठी खड्डा अर्धा बुजवून मुठीएवढे गोल दगड भरा आणि वर दोन इंच माती टाका. पंजाला दगड लागला की तो ती जागा सोडतो. अर्थात फक्त तीच जागा.

नवीन लावलेली रोपं कशी वाचवायची?

लावण्याआधी वाफ्यावर एक इंची वेल्डमेश अंथरा, रोपांपुरती भोकं कापा, कापलेली टोकं खाली दुमडा आणि वर दोन इंच माती टाका. रोप लावताना कुत्र्याला घरात ठेवा. तुम्ही उकरताना पाहून तोही उकरतो. कण्हेर, पिवळी कण्हेर, सायकस आणि धोतरा मुळांसकट विषारी आहेत. उकरणाऱ्या कुत्र्याच्या अंगणातून ही झाडं काढून टाका.

तो माती खातोही. चालेल का?

नाही. कधीतरी चाटणं वेगळं, रोज खाणं वेगळं. जंत आणि रक्तक्षय ही नेहमीची कारणं, आणि आपल्याकडे रक्तक्षयामागे पुष्कळदा गोचीडताप असतो. खालचा ओठ दुमडून हिरड्या पाहा: गुलाबीऐवजी फिकट असतील तर त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्या. जंताचं औषध मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी, वजनाप्रमाणे, पशुवैद्यांना विचारून.

मादी अचानक कोपऱ्यात खोल खड्डा करू लागली.

कुत्रीची गर्भावस्था सुमारे ६३ दिवसांची असते आणि शेवटच्या काही दिवसांत ती जागा शोधते. घरातल्या शांत कोपऱ्यात, ती पाय ताणून आडवी होऊ शकेल एवढं खोकं, जुन्या चादरींसह ठेवा. गर्भार नसेल तर माजानंतर सहा-आठ आठवड्यांनी खोट्या गर्भावस्थेतही ती असंच करते, सडांना दूधही येतं. सड दाबून पाहू नका, दूध वाढतं. दोन-तीन आठवड्यांत हे बहुतेक वेळा ओसरतं.

साखळीने बांधून ठेवलं तर?

बागेतले खड्डे थांबतील आणि साखळीच्या टप्प्यात दुप्पट होतील. दिवसभर बांधलेला कुत्रा भुंकरा आणि चावरा होतो. आखूड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणं १९६० च्या त्याच कायद्याने गुन्हाही आहे. काही तास बाग वाचवायची असेल तर बागेलाच चार फुटी जाळी लावा.

पिल्लू मोठं झालं की आपोआप थांबेल?

कंटाळ्याने उकरणारी बरीच पिल्लं दीड-दोन वर्षांची होईतो शांत होतात. डॅशहुंड आणि टेरियर यांची गोष्ट वेगळी. बिळात शिरून शिकार करण्यासाठीच या जाती घडवल्या गेल्या. त्यांना हौद जन्मभर लागेल, तेव्हा बाग आखतानाच त्याची जागा धरा.

पावसाळ्यात वेगळं काही सांभाळायचं?

माती मऊ झाल्याने उकरणं वाढतं, आणि बिळांत पाणी शिरल्याने नाग, घोणस बाहेर येतात. विटांचे ढीग, सरपण, पालापाचोळा कुंपणापासून हलवा. उकरताना कुत्रा एकदम किंचाळून मागे सरला आणि तोंड किंवा पाय सुजायला लागला तर जखम कापू नका, आवळपट्टी बांधू नका, चालायलाही लावू नका. उचलून दवाखान्यात न्या, आणि निघतानाच फोन करून सर्पविषाची लस उपलब्ध आहे का ते विचारा.

उकरून नख मोडलंय, रक्त येतंय.

स्वच्छ कापडाने पाच मिनिटं सलग दाबून धरा, मध्ये उघडून बघू नका. नख मुळातून हललं असेल तर घरी उपटू नका, पशुवैद्य भूल देऊन काढतील. जखम भरेपर्यंत हौदावर ताडपत्री घाला आणि बाहेरून आला की पंजा कोमट मिठाच्या पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.